ताटात घालून दिलेले तीन लाख

पद्मक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आधार कार्डावर ती पद्मावती आहे, पण बेंगळुरातल्या हनुमंतनगरात विचाराल तर साड्यांना कुच्चू लावणारी पद्मक्का म्हणूनच लोक घर दाखवतात. कुच्चू म्हणजे पदराच्या टोकाला बांधतात ते रेशमी गोंडे. लग्नाची साडी असली की इथल्या बायकांना ते हवेतच. पद्मक्का पदर खिडकीच्या गजाला बांधते, मांडीवर धाग्यांची रिळं घेते आणि सकाळी साडेनऊपासून उजेड असेपर्यंत गाठी मारते. एका साडीला तीनशे, मणी घालून हवे असतील तर पाचशे. साडी कुणाची, कुणी पैसे दिले, कुणाचे राहिले, यातलं ती काहीही लिहून ठेवत नाही. साडीचा रंग आठवला की तिला माणूस आठवतो, आणि माणसंही तिला बुडवत नाहीत. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे.

मी तिच्या अगदी उलट. नाव रघुनंदन. एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात तेहतीस वर्षं घासली, शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. कागदाशिवाय माझं पान हलत नाही, आणि त्यापायी बायकोपासून सगळे मला कंटाळलेले असतात. "रघू, तू एक दिवस जेवणाची पण पावती मागशील," असं पद्मक्का म्हणायची. हल्ली ती माझी थट्टा करत नाही.

तिचे यजमान हयवदनराव घड्याळाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा हातात एकरकमी पैसे आले. आमच्या बेंगळुरात घर 'लीज'वर घ्यायची पद्धत आहे. मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, मग महिन्याचं भाडं नाही, आणि घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत. हयवदनरावांनी पाच लाख देऊन पहिल्या मजल्यावरचं हे घर घेतलं. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पूर्वेची मोठी खिडकी, जिच्या उजेडावर पद्मक्काचं पोट चालतं. उरलेले तीन लाख त्यांनी मुदतठेवीत टाकले. "उद्या मालकानं लीज वाढवली तर असू देत," म्हणाले, आणि सात वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून उठताना गेले. मूलबाळ नव्हतं.

होती ती हर्षिता, पद्मक्काच्या सख्ख्या भावाची मुलगी. भाऊ रत्नाकर के. आर. पुरमला राहतो आणि घरात जमदग्नीचा अवतार असतो, त्यामुळे सुट्टी लागली की पोरगी आत्याकडे पळायची. आत्याच्या शेजारी बसून गाठी मारायला शिकली. इंजिनिअर होऊन नोकरीला लागली तरी रविवारी यायची, दोन साड्या उरकून द्यायची आणि आई-बापाला न सांगण्यासारखं सगळं आत्याला सांगायची. तनयचंही तिनं आत्यालाच सांगितलं होतं.

तनय पुण्याचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत दोघं एकाच कंपनीत होते आणि तिथंच फ्लॅट घेऊन एकत्र राहत होते. रत्नाकरची समजूत अशी की मुलगी पीजीत राहते, कारण के. आर. पुरमहून रोज तिथं जायचं म्हणजे अर्धं आयुष्य बसमध्ये जातं. लग्नाआधी एकत्र राहणं पद्मक्काच्या पचनी पडलं नव्हतं. पण तनय पहिल्यांदा घरी आला, वाकून नमस्कार केला, "आत्या, वांगी केवळ अप्रतिम झाली आहेत," म्हणाला, आणि पद्मक्का तिथंच विरघळली.

यावर हसू नका. आमची घराणी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आली. आमच्या मराठीत निम्मं कन्नड आहे आणि उरलेलं ऐकून पुण्याची माणसं गालातल्या गालात हसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तनयसारखं पुणेरी मराठी कानावर पडलं की आमच्यातली म्हातारी माणसं पूजेला बसल्यासारखी ताठ होतात. असं बोलणारा माणूस खोटं कसं बोलेल, असं त्यांना मनापासून वाटतं. मलाही वाटलं होतं, हे आत्ताच सांगून टाकतो. तनयला आमची भाषा "क्यूट" वाटायची. पद्मक्का "सरी, स्वल्प थांब", म्हणजे 'बरं, जरा थांब', म्हणाली की तो ते फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. तो एकटाच पद्मक्काकडे आला. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते थकले आहेत, सहा महिन्यांत परत करतो, हर्षिताला सांगू नका, ती उगाच टेन्शन घेईल, असं म्हणाला. पद्मक्कानं मुदतठेव मोडली. मला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मी कागद करायला लावला असता. आणि नुसते पैसे दिले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण आमच्या घरांत जावयाच्या हातावर पैसे टेकवत नाहीत. तिनं बँकेतून रोख काढून आणली, चांदीचं ताट काढलं, त्यात विड्याची पानं, सुपारी आणि नारळ मांडला, नोटांच्या सहा गड्ड्या ठेवल्या, त्याला पाटावर बसवून कुंकू लावलं, ओवाळलं, आणि "दोघांचा संसार उभा राहू दे," म्हणून ताट त्याच्यापुढे केलं.

हे मला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. तनयला चार महिन्यांतच दुसरी नोकरी लागली होती, पैशांचा पत्ता नव्हता. मी कपाळाला हात लावला.

"पद्मक्का, एक चिठ्ठी तरी घ्यायचीस."

"अय्यो, जावयाकडनं चिठ्ठी लिहून घेतात काय रे?"

"जावई? लग्न कुठं झालंय?"

"होईल की. तू एक, सगळ्यात कागद बघतोस."

लग्न झालं नाही. यंदा फेब्रुवारीत हर्षिता दोन बॅगा घेऊन आत्याकडे आली, चार दिवस राहिली, मग हेब्बाळला नवी नोकरी धरून तिकडेच एका पीजीत राहायला गेली. जाताना तिनं बजावलं, "आत्या, तनयचा फोन आला तर मी कुठं राहते, कुठं कामाला जाते, काही सांगू नकोस. तो रडला तरी नको." का, ते तिनं सांगितलं नाही आणि पद्मक्कानं विचारलं नाही. तिच्या मते त्यात विचारण्यासारखं काय होतं? भांड्याला भांडं लागतंच. पोरगी रुसली आहे, उतरेल राग. तीन लाखांचं सांगायचा तिचा जीव झाला नाही, जखमेवर मीठ नको म्हणून ती गप्प बसली.

मे महिन्यात घरमालकाचा मुलगा वर आला. म्हातारे मालक वारल्यापासून कारभार त्याच्याकडे आहे. माणूस उद्धट नाही, पद्मक्काला "अम्मा" म्हणतो. पण पाचाचे आठ लाख करा म्हणाला, गल्लीत आता दहा चालू आहेत. नाही तर आषाढ लागायच्या आत घर रिकामं करा. आषाढात आमच्याकडे कुणी घर बदलत नाही. तेव्हा रिकामं झालेलं घर महिनाभर तसंच पडून राहतं, म्हणून त्याला त्याआधी निकाल हवा होता.

पाच लाखांत शहराच्या पार टोकाला एखादी अंधारी खोली मिळाली असती. पण तिथं साड्या आणून कोण देणार? पद्मक्काची सगळी गिऱ्हाइकं पायी येणारी, याच चार गल्ल्यांतली. घर गेलं की काम गेलं, आणि काम गेलं की चौसष्टाव्या वर्षी भावाच्या दारात जाऊन पडायचं, वहिनी वाढेल ते खायचं. त्यापेक्षा मेलेली बरी, असं ती माझ्याजवळ दोनदा म्हणाली. तिला तीन लाख हवे होते, आणि ते तिचे स्वतःचेच कुठे तरी पडून होते.

वकील, पोलीस हा रस्ता बंद होता. कागद नाही, दिले ते रोख, आणि प्रकरण बाहेर पडलं की पोरगी तीन वर्षं कुणाबरोबर राहत होती हे रत्नाकरला कळणार. तनय फोन उचलायचा, अगदी आदरानं बोलायचा, "आत्या, नेक्स्ट वीक नक्की," म्हणायचा. असे तीन नेक्स्ट वीक झाल्यावर मी वैतागलो. म्हटलं, "चल, त्याच्या दारात जाऊन बसू. पैसे पदरात पाडून घ्यायचे. कसेही." त्यातलं 'कसेही' माझं होतं, पद्मक्काचं नव्हतं.

शनिवारी सकाळी बनशंकरीहून बस धरली. पद्मक्कानं पिशवीत कोडबळ्यांचा डबा घेतला होता. ज्याच्याकडून वसुली करायची त्याच्यासाठी खाऊ घेऊन निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. तसं म्हटलं तर म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जायचं रे?" बस उड्डाणपुलावर चढली, खाली वाहनांची रांग लागलेली दिसत होती, आणि ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. तनयला काय म्हणायचं याची मी तिच्याकडून दोन वेळा उजळणी करून घेतली.

नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, आरशासारखा स्वच्छ. तनयनं दोघांनाही वाकून नमस्कार केला, स्वतः चहा केला, कोडबळं तोंडात टाकून डोळे मिटले. भिंतीवर हर्षिताचे फोटो तसेच होते. दाराशी तिच्या चपला ठेवलेल्या होत्या, पुसून, जोडीनं. चार महिने झाले होते तिला जाऊन. माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या चपलांकडे जात होतं.

पद्मक्कानं घराचं सगळं सांगितलं. तनयनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आत्या, पैसे आहेत," तो म्हणाला. "मी नाही कुठं म्हणतोय? ट्रान्सफर करायला दोन मिनिटं लागतात. पण मला ते तसं नाही करायचं. तुम्ही किती रिस्पेक्टनं दिले होते. ताटात घालून, ओवाळून. दोघांचा संसार उभा राहू दे, म्हणालात. आणि मी परत देताना एकट्यानं, ॲपवर? मला नाही पटत. मी तुमच्या घरी येतो. त्याच ताटात ठेवतो, हर्षिताच्या समोर. मग विषय क्लोज."

"तिचा यात काय संबंध?" मी म्हणालो. "तिला तर हे माहीतही नाही."

"म्हणूनच ना काका. तिला कळायला नको?" त्यानं माझ्या कपात आणखी चहा ओतला. "पत्ता मी मागतच नाहीये. फक्त एकदा समोर बसवा. आत्या, मला घाई नाही. तुमची सोय बघा. तसा आपला कागद तर काहीच नाही."

शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला. ते मला ऐकू आलं. पद्मक्काला त्याआधीचंच ऐकू आलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "पोराला रीत कळते रे. ताटात दिलेलं ताटातच परत देतो म्हणाला. आजकाल कोण बघतंय हे? आणि समोरासमोर बसले, माझ्या हातचं जेवले, तर काय सांगावं, दोघांची मनं परत जुळतील."

"पण हर्षितानं बजावलंय."

"पत्ता सांगू नको म्हणाली. मी कुठं पत्ता सांगते?"

मला खटकलं होतं. त्या पुसलेल्या चपला खटकल्या होत्या, ते हसणं खटकलं होतं. 'पद्मक्का, पैसे गेले तर जाऊ देत, पोरीला यात ओढू नको,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग तीन लाख कुठून आणायचे हेही मलाच सांगावं लागलं असतं. माझ्या ठेवीत तेवढे होते. मुलाच्या लग्नासाठी ठेवले होते, अजून मुलगीही ठरलेली नव्हती. आषाढाला अकरा दिवस उरले होते, माझी पाठ दुखत होती आणि मला हे प्रकरण संपायला हवं होतं. "तुला योग्य वाटेल ते कर," असं मी म्हणालो. इतकं सोयीचं वाक्य आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

तिनं हर्षिताला फोन केला. होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, करते आहे, रविवारी जेवायला ये. बाकी काही सांगितलं नाही.

रविवारी तनय अकरालाच आला. पाठीला सॅक, पांढरा शर्ट, पद्मक्कासाठी मोगऱ्याचा गजरा. पद्मक्कानं ताट घासून लख्ख केलं होतं, नारळ आणला होता, पहाटेपासून पुरण वाटत बसली होती. स्वयंपाकघरात कोशिंबीर, चित्रान्न, सगळं मांडून तयार. लग्नघरासारखी तिची धांदल चालली होती. साडेबाराला खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. पद्मक्का दारापर्यंत गेली आणि परत येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, "रघू, त्याचे बूट बाहेर आहेत. बघून ती जिन्यातनंच परत जाईल."

मी उठलो, बूट आत आणले आणि पलंगाखाली सरकवले. म्हणजे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"आत्या, बादामी आणलेत, गोड आहेत म्हणाला," असं म्हणत हर्षिता आंब्यांची पिशवी घेऊन आत आली. तनय खुर्चीवरून उठला.

"हाय हर्षू. बारीक झालीस."

ती किंचाळली नाही, काही नाही. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकली आणि पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. आत्याकडे तिनं पाहिलं. मग माझ्याकडे.

"रघूकाका, तुम्ही पण?"

मी तोंड उघडायच्या आत पद्मक्का पुढे झाली. "रघूला काही बोलू नकोस. तो सुम्ने आला होता, सहज. त्याला यातलं काही ठाऊक नाही. सगळं मी केलंय."

मी काहीच बोललो नाही. हर्षितानं माझ्यावरची नजर काढून घेतली.

तनयनं सॅक उघडली आणि एकेक करून सहा गड्ड्या ताटात ठेवल्या, पानांवर, नीट रांगेत. सगळं तो हर्षिताकडे पाहत करत होता.

"हे कसले पैसे?" तिनं विचारलं.

पद्मक्कानं सांगितलं. मुदतठेव, हप्ते, घरमालक, आषाढ, सगळं एका दमात सांगितलं. हर्षिता ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"माझ्याकडं मागायचेस की, आत्या," ती शेवटी म्हणाली. "मी लोन काढून दिले असते. एका दिवसात मिळालं असतं."

"तुझ्याकडं कसं मागू ग? तू पोर."

तनय म्हणाला, "ओके, पैसे झाले. आता पाच मिनिटं बोलूया?"

"नाही."

"हर्षू, मी एवढं—"

"नाही."

तो हसला, पद्मक्काला वाकून नमस्कार केला, म्हणाला, "आत्या, होळिगे पुढच्या वेळी." बूट पलंगाखाली असल्याचं त्याला दिसलं होतं. ते त्यानं बाहेर ओढले, तेव्हा हर्षितानं बुटांकडे पाहिलं आणि मग आत्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं.

तो गेल्यावर ती अर्धा तास खुर्चीत बसून होती. पद्मक्का सारखी म्हणत होती, "दोन घास खा ग. तुझ्यासाठी केलंय." ती म्हणाली, "भूक नाही, आत्या." आंबे ठेवून गेली. गड्ड्या पद्मक्कानं मोजल्या नाहीत. मी मोजल्या. एक नोट कमी नव्हती.

दोन दिवसांनी घरमालकाला तीन लाख दिले आणि तीन वर्षांचा नवा करार केला. तो कागद मात्र मी स्टॅम्पपेपरवर, साक्षीदारांसकट, अगदी काटेकोर केला. पद्मक्कानं सही केली आणि त्याच संध्याकाळी हर्षिताला फोन लावला, घर राहिलं हे सांगायला. फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी रत्नाकर सहज बोलता बोलता म्हणाला, "पोरीची बदली झाली, दिल्लीच्या बाजूला. एवढी काय घाई होती कंपनीला, एका आठवड्यात जा म्हणून?"

त्यानंतर हर्षिताचा मला फोन आला. अनोळखी नंबर होता. ती हळू आवाजात, ऑफिसातला रिपोर्ट द्यावा तसं सांगत होती. त्या रविवारी तनय कोपऱ्यावर थांबला होता. तिच्या स्कूटरच्या मागे हेब्बाळपर्यंत आला. बुधवारी सकाळी पीजीच्या फाटकासमोर उभा होता, शुक्रवारी ऑफिसच्या. काही करत नव्हता. नुसता उभा राहायचा आणि हात हलवायचा. फेब्रुवारीत तिनं त्याला सोडलं त्याच्या आधी त्यानं तिचा फोन काढून घेऊन तिला फ्लॅटमध्ये दीड दिवस कोंडून ठेवलं होतं. "आत्याला सांगितलं नाही. तिची झोप उडाली असती." तक्रार केली असती तर सगळं अण्णांच्या, म्हणजे रत्नाकरच्या, कानावर गेलं असतं, म्हणून बदली मागून घेतली. तिथं ती एकटी आहे, भाषा येत नाही, हवा सोसत नाही.

मग ती म्हणाली, "रघूकाका, हा नंबर बेंगळुरात कुणाकडेही नाही. अण्णांचा फोन मी दुसऱ्या नंबरवर घेते, तो पण बदलणार आहे. तुम्हाला त्या दिवशीचं काही माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला देते. कुणाला काही झालं तर कळवा. आत्याला मात्र देऊ नका. तिनं ठरवून केलं."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. बूट मी आत आणले, कसेही पैसे काढ असं मी म्हणालो, पैसे माझ्या ठेवीत होते, हे सगळं. तिनं फोन ठेवला असता, शिव्या घातल्या असत्या, पण आत्याच्या डोक्यावरचा निम्मा भार तरी उतरला असता. "नाही देणार," मी म्हणालो. माझा आवाजही हलला नाही.

पद्मक्का त्याच घरात आहे, त्याच खिडकीशी. श्रावणात लग्नाच्या साड्या आल्या, बऱ्याच आल्या. हातांना वेग राहिलेला नाही, दिवसाला एक साडी जेमतेम होते. दर रविवारी मी जातो. ती कॉफी देते. एवढ्या महिन्यांत तिनं एकदाही म्हटलं नाही की रघू, तुलाही ठाऊक होतं. माझ्या बायकोसमोर नाही, एकांतात नाही, रागाच्या भरातही नाही. त्या दिवशी ती माझ्यासाठी खोटं बोलली ते तिनं इतकं मनावर घेतलं आहे की आता तिला स्वतःलाच ते खरं वाटत असावं.

कॉफी संपली की ती विचारते, "हर्षीचा नंबर कुठनं मिळेल काय रे? तुला लोक ओळखतात. एकदा बोलायचं आहे. माफी मागायची आहे, दुसरं काही नको."

नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये असतो. तिनं मला वाचवलं म्हणून तो मला मिळाला.

"माझ्याकडं कुठला?" मी म्हणतो.

"सरी," ती म्हणते. "मिळाला तर सांग."

मी हो म्हणतो.